कॅन्सर शिबिराचा भोंगा

पनवेलजवळच्या कोन गावात दुसरा फेरा चालू होता. मी रिक्षात मागे बसून माईकवर बोलत होतो, "तोंडातली न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, छातीत गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज..." तेवढ्यात ओट्यावर मासळी निवडत बसलेली हिराबाई ओरडली, "अरं दादा, तुजाच आवाज बसलाय! आदी तू दाखव, मंग आमी येताव."

सगळी आळी हसली. माझा रिक्षावाला अस्लमही हसला. मी माईक बंद केला नाही. गावात शिरताना माईक चालू करायचा, तो गाव संपल्यावर बंद. मधे कोणी काही बोलो. हा माझा नियम.

माझा धंदा अनाउन्समेंटचा. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. सर्कस, निवडणूक, साड्यांचा सेल, हरवलेलं पोर, पनवेलच्या आसपास जे ओरडून सांगायचं ते मी सांगायचो. शाळा चौथीपर्यंत. पण कागद लागत नाही, एकदा ऐकलं की पाठ. त्या सुमाराला, म्हणजे नव्वदीच्या आसपास, कॅसेटवाले आले होते. एकदा टेप करायचं आणि गावोगाव तेच वाजवायचं. त्याला मी अनाउन्समेंट म्हणत नाही.

कॅन्सर तपासणीचं शिबिर गावच्या मराठी शाळेत होतं. घशाच्या डॉक्टर असलेल्या एका मॅडमनी मला मजकूर सांगितला. मजकूर चांगला होता, पण अपुरा. शेवटी मी माझं एक वाक्य जोडलं, "येताना तोंड स्वच्छ करून या." डॉक्टरसमोर माणसाने नीट जावं, यात चूक काय?

दुपारी शाळेत गेलो तर बायांची रांग लागलेली. मला आधी पाठवणारी हिराबाई स्वतः सगळ्यांत पुढे. मॅडम टॉर्चने तिच्या तोंडात बघत होत्या आणि त्यांना काही दिसत नव्हतं. सगळं काळं. आमच्याकडच्या बाया दात घासतात मिशरीने. मिशरी म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच. स्वच्छ होऊन या म्हटल्यावर प्रत्येकीने रोजच्यापेक्षा चिमूटभर जास्तच घासली होती.

"अहो, मिशरीने तोंडाचा कॅन्सर होतो आणि तुम्ही तीच लावून आलात?"

"मंग? भोंग्यावर सांगितलंय, तोंड साफ करून या. आमी काय तशाच येणार हाव?"

"असं कोणी सांगितलं?"

रांगेतल्या सगळ्या बायांनी माझ्याकडे बोट केलं. मी व्हरांड्यात बिडी ओढत होतो. बिडीने घसा मोकळा राहतो, असं आमच्या धंद्यात मानतात.

मॅडमनी बायांना चुळा भरायला लावल्या आणि माझ्याकडे आल्या.

"शांतारामभाऊ, आवाज कधीपासून असा आहे?"

"गणपतीत मंडळाच्या माईकवर बोललो, तेव्हापासून."

"दिवाळी होऊन गेली. सकाळपासून तुम्ही काय सांगताय गावाला? तीन आठवडे?"

"ते पब्लिकसाठी. माझी ही झीज आहे. भोंगासुद्धा वापरून चरचरतो."

"भोंगा चरचरला की काय करता?"

"उघडून बघतो."

"मग उघडा तोंड."

त्यांनी कपाळाला गोल आरसा बांधला, दुसरा बारका आरसा घशात घातला आणि माझी जीभ फडक्यात धरून ओढली. एवढा वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो. मग म्हणाल्या, "आवाजाच्या पडद्यावर बारीक काहीतरी वाढलंय. मुंबईला जाऊन बायॉप्सी करा." बायॉप्सी म्हणजे बारका तुकडा काढून तपासणं.

"तुकडा काढला की पसरतो," मी म्हणालो. तेव्हा माझं ते पक्कं मत होतं.

"तुकड्याने नाही पसरत, थांबलात तर पसरेल. आत्ता नुसत्या शेकावर भागेल. वाढलं तर स्वरयंत्र काढावं लागतं, गळ्याला भोक पडतं. मग हा आवाज संपला."

दारातून अस्लम बोलला, "टेन्शन नको, उस्ताद. आपण कॅसेट लावून फिरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईला गेलो. कॅन्सरला भिऊन नाही.

तुकड्यात कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. दीड महिना शेक घेतला. शेक म्हणजे मशीनखाली झोपवून गळ्यावर किरण सोडतात. सोडताना काही कळत नाही. नंतर गळ्याची कातडी काळी पडली, पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. बोलायला मनाई. बिडी तर कायमची बंद. बायको म्हणाली, "लग्नापासून पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं."

हळूहळू आवाज सुटला. पहिल्यापेक्षा थोडा जाड, पण माझाच.

पुढच्या वर्षी मॅडमनी पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, "या वेळी स्वतःचं सांगा माईकवर. लोकांना पटेल."

"मी दुसऱ्याचं सांगतो, मॅडम. घरचं भोंग्यावर आणत नाही."

"बरं. निदान मिशरी लावून येऊ नका, एवढं सांगा."

तेवढं कबूल केलं. रिक्षा कोनात शिरली, माईक चालू केला. हिराबाईच्या ओट्यासमोर आलो तशी ती उठून रिक्षाच्या आडवीच आली. "आवाज मोकला झाला रं दादा! काय झालतं?"

एवढ्या आपुलकीने विचारल्यावर माणूस सांगतोच. "कॅन्सर होता, बाई, घशाचा. शाळेत बसल्यात ना मॅडम, त्यांनी वेळेवर पकडला. दीड महिना शेक घेतला, बरा झालो."

हिराबाई वर भोंग्याकडे बघायला लागली. अस्लमने कपाळावर हात मारला. माझं बोलणं पार हायवेपर्यंत गेलं होतं. नियम माझाच होता, माईक बंद करायचा नाही.

त्या दुपारी रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. मॅडम हसल्या, "सांगितलंत शेवटी."

"मी हिराबाईला सांगितलं," मी म्हणालो. "बाकीच्यांनी ऐकलं, त्याला मी काय करू?"

पहिल्या वर्षी त्या शिबिरातून मुंबईला पाठवलेला पेशंट एकच होता, आणि तो शिबिराच्याच रिक्षातून आला होता. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर घसा दाखवून घ्या. हे आता मी बिनभोंग्याचं सांगतोय, तेव्हा नीट ऐका.