तोंडपाठ

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या घरात तीन वर्षं एक शाळा चालली. मुख्याध्यापिका मी, शिक्षिका मी, शिपाई मी आणि घंटाही मीच, म्हणजे स्टीलच्या ताटावर लाटणं. पटावर दोन विद्यार्थी होते. मुलगी पाच वर्षांची, आणि मुलगा दीड वर्षाचा, जो बहुतेक तासांना वर्गातच झोपायचा आणि तरी पास व्हायचा.

मुलांना घरी शिकवायचं हे खूळ माझं. रविवारी उपासना सुटली की मंडळीतल्या बायका मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठायच्या आणि शाळेचं काय म्हणून विचारायच्या. मी मान ताठ करून सांगायची, की देवाने लेकरं माझ्या पदरात टाकली आहेत, ती मी रिक्षात का कोंबू? वाक्य चांगलं होतं, म्हणून फार वेळा वापरलं. त्यामागे एक खरं कारण दडलेलं होतं, ते मी कोणालाच सांगितलं नाही. मला प्रेक्षक हवे होते.

नवऱ्याने एकच अट घातली. आठवा वाढदिवस येईपर्यंत मुलीला कुठलंही पुस्तक दिलं तरी वाचता आलं पाहिजे. नाही आलं, तर जूनमध्ये दोघंही शाळेत. मी हसले आणि म्हटलं, मंजूर.

काय शाळा होती ती. सातचा पाढा मी रडत म्हणायची, कारण सातचं आयुष्य दुःखात गेलं असं मी ठरवून टाकलं होतं. उन्हाळ्यात कूलरसमोर निळी चादर धरली की ती फुगायची आणि समुद्र तयार व्हायचा. दिवाण ही होडी. मुलगा वादळाची भूमिका करायचा, आणि एकदा त्याने गादीवर खरंच तांब्याभर पाणी ओतलं. मग मी शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडून येशूने वादळ शमवल्याची तीच गोष्ट वाचायची, बोट ओळीवर, आवाज लाटेसारखा. दुसऱ्या दिवशी मुलगी तेच पान काढून, तसंच बोट ठेवून वाचायची. माझ्याच जागी थांबायची, माझाच उसासा टाकायची. मी टाळ्या वाजवायची.

आमच्यात पाठांतराला भारी मान. संडे स्कूलमध्ये दर आठवड्याला एक वचन न अडखळता म्हटलं की तक्त्यावर चमकीचा तारा चिकटतो. माझ्या मुलीच्या रांगेत एकही जागा रिकामी नव्हती. शब्द कानानेच इतके भराभर आत जात असताना डोळे काय करताहेत, हे बघायचं मला सुचलंही नाही.

बघितलं ते सासूबाईंनी. त्या वर्ध्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दाराशी लसूण सोलत माझा वर्ग ऐकायच्या. एके दिवशी सोलता सोलता म्हणाल्या, "काहून वं, पोरगी पुस्तकाकडे पाहून नाही राहिली. तुह्या तोंडाकडे पाहून राहिली."

मला ते झोंबलं. "आई, तुम्ही कधी शाळेत गेल्या होत्या काय?" असं मी विचारलं, तेही गोड आवाजात.

त्यांनी पुढची पाकळी उचलली.

नोव्हेंबरात, आठव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, चर्चमध्ये मुलांचा रविवार आला. शास्त्रपाठ वाचायचा मान माझ्या मुलीला मिळाला, आणि पाठ नेमका वादळाचा. आम्ही पंधरा दिवस तालीम केली. त्या सकाळी पाळकसाहेब दारातच भेटले. उपदेशाचा विषय बदललाय, वादळाऐवजी ती पेरणाऱ्याची गोष्ट वाचेल का, म्हणून त्यांनी विचारलं. मी हात उडवला. कुठलाही पाठ द्या साहेब, ती काहीही वाचते. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळा मारला.

ती स्टुलावर चढली. पाळकांनी अध्याय सांगितला आणि सगळ्या बाकांवर पानं सळसळली. आमची मंडळी नुसती ऐकत नाही. प्रत्येक जण आपापलं शास्त्र उघडून ओळीवर बोट ठेवतो. मुलीनेही बोट ठेवलं. मग तिने सुरुवात केली.

वादळाची.

माझ्या थांब्यांसकट, माझ्या उसाशासकट. एकेक डोकं वर येऊ लागलं. कोणी पान मागे उलटून बघितलं. पुढच्या बाकावर दोन पोरी खुदखुदल्या. ती थांबली नाही. तिचं बोट पेरणाऱ्याच्या ओळींवरून बरोबर सरकत होतं, ओळ संपली की खाली उतरत होतं. शेवटपर्यंत म्हणून तिने पुस्तक मिटलं. पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढचं गीत सांगितलं. त्या दिवशीचं गीत मला आठवत नाही.

बाहेर आवारात मी तिला बाजूला घेतलं. ती रडत नव्हती. वाचता येत नाही का, विचारलं, तर म्हणाली, "अक्षरं जागेवर राहत नाहीत, मम्मी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू टाळ्या वाजवायचीस."

घरी जाताना ऑटोत सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मीबी चाळीस वर्षं गीताचं पुस्तक हाती धरून उभी राहिली. पान कोणतं, ते बाजूवालीचं पाहून लावायची. कोणाले समजलं नाही."

त्यांना मी विचारलेला तो प्रश्न तेव्हा ऑटोत आमच्यासोबतच बसला होता. माफी मागायची तालीम मी पुष्कळदा केली. प्रयोग झाला नाही. पुढच्या वर्षी त्या देवाघरी गेल्या.

जूनमध्ये दोघं सदर भागातल्या शाळेत जाऊ लागले. अटीचा विषय नवऱ्याने काढलाच नाही. गणवेशाचं कापड मीच आणलं. रामदासपेठेत एक बाई अशा मुलांना शिकवतात, मुलीला त्यांच्याकडे नेलं. पुष्कळ मुलांचं असं असतं, मेहनतीने जमतं, असं त्या म्हणाल्या. मग पेन ठेवून हळूच विचारलं, की तीन वर्षं घरीच होती ना? आणि पुढचं वाक्य त्यांनी बोलायचं टाळलं. चांगल्या बाई होत्या.

मी मात्र ती तीन वर्षं पुन्हा मोजते. रोज सकाळी माझी मुलगी मन लावून एक काम करत होती: माझा प्रत्येक थांबा, प्रत्येक चढउतार डोक्यात साठवायचा. वाचणं शिकण्यापेक्षा ते किती अवघड. आणि ते तिने एकटीने केलं, मी खूश राहावं म्हणून. शाळेत प्रेक्षक एकच होता, आणि तो मीच होते.

आता ती चौदाची आहे. वाचते. हळू वाचते, पट्टी ओळीखाली धरून, ओठ मिटून. शब्द अडला की बापाला हाक मारते. तो स्टेशनवरच्या घोषणेसारख्या सपाट आवाजात शब्द सांगतो आणि परत आपल्या मोबाइलमध्ये डोकं घालतो. तिला तेवढंच हवं असतं.

मी पलीकडच्या खोलीत असते. तो शब्द मलाही येत असतो. कधी कधी मी नुसतीच दारापर्यंत जाते, तेव्हा ती बोट पानावरच ठेवून वाचायची थांबते, आणि मी मागे वळून माझं काम शोधते.