बिनचपलांची बाई

गेल्या आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, कुरखेड्यात मोहफुलं विकणाऱ्या एका बाईवर अन्याय झाला. तिचं नाव मी विचारलं नाही. चित्रकारसाहेबांनीही नाही.

साहेब शहरातले, प्रवासात रोज एक चित्र काढायचं व्रत घेतलेले. बाई पदराचं टोक दातांत धरून फुलांतले खडे वेचत होती. कुणी थांबलं की ओंजळभर फुलं थेट त्याच्या नाकाशी नेत होती. साहेबांनी तिला न विचारताच वहीत उतरवलं. सुरकुत्या, गोंदण, अनवाणी पाय, सगळं आलं. मागचा मोबाईल टॉवर उडवून तिथे डेरेदार झाड उभं केलं. सरकारी वृक्षारोपणातही इतक्या लवकर झाड वाढत नाही.

बाईनं वही ओढून पाहिली. "माह्या चपला कुठी हायेत?"

"तुम्ही अनवाणीच आहात की!"

आमच्या बाजारात बाया चपलांवरच बसतात. तिनं बुडाखालच्या निळ्या चपला ओढल्या, पायांत घातल्या. "घ्या, काढा आता."

"नको, चित्रातला साधेपणा जाईल."

"मले गरीब दाखवाले एवढ्या दुरून आले का, भाऊ?"

भाऊ गोड हसले, वही मिटून गाडीत बसले. आता प्रदर्शन भरेल, लोक हळहळतील आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात ती जन्मभर अनवाणी बसेल.

एसटीत, टपरीवर मीही वहीत माणसं काढतो. म्हणून सांगतो, वहीवाल्यांनो: आधी विचारा. झालं की दाखवा. आणि ती "असं नाई" म्हणाली, तर तिच्यासमोर बसूनच चित्र बदला.