मामा जिन्यात थांबले होते

आमच्या हिच्या मामांइतका घाबरट माणूस ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे झालेला नाही, आणि पलीकडे झालाच असेल तर एकमेकांची गाठ पडू नये म्हणून दोघांनीही पूल ओलांडायचं टाळलं असेल. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतलं एक रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटतं. पण आमची भीती हंगामी. साहेबांनी केबिनमधून हाक मारली, मुलीचा निकाल लागायचा असला, की तेवढ्यापुरती यायची आणि चहापाणी घेऊन जायची. मामांची भीती बारमाही होती. नोकरीवर जावं तशी ती रोज वेळेवर हजर व्हायची आणि दिवाळीतसुद्धा रजा घ्यायची नाही. मामा मूळचे साताऱ्याकडचे, पण कोपरखैरण्यात आमच्यापासून दोन सेक्टर सोडून त्यांनी घर केलं होतं. घराबाहेर पडताना ते कुलूप तीनदा ओढून बघत आणि चौथ्यांदा शेजारच्या बाईंना ओढायला लावत. "माझ्या हातावर माझा इश्वास हाय," म्हणत, "पन एक साक्षीदार असलेला बरा." मग बसस्टॉपपर्यंत जाऊन गॅस बघायला परत येत. कुणाकडे गेले तर पंख्याखाली बसत नसत. पंख्याचा वारा जिथे संपतो, तिथे खुर्ची ओढून घेत. आमच्या लग्नात ऐन मुहूर्ताच्या आधी त्यांनी मांडवाच्या खांबाला खांदा लावून पाहिला, वर लटकणाऱ्या दिव्याकडे एकटक बघितलं, आणि होमाचं सगळं सामान भटजींसकट चार हात पलीकडे सरकवलं. मुहूर्त टळेल म्हणून सासरे संतापले, तर मामा हात जोडून म्हणाले, "दाजी, मुहूर्त परत येतो. भटजी येत न्हाई."

या माणसाने तुर्भ्याकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, हा आमच्या घराण्यातला न सुटलेला प्रश्न होता. पहिलं वर्ष सोडलं तर त्यांच्या पाळीत कधी कुणाचं नखही दुखावलं नाही, असं त्यांच्या निरोपसमारंभात कुणीतरी बोललं होतं म्हणे. आमच्याकडे त्याचाही विनोद व्हायचा. मीच तो जास्त करायचो. "मामांच्या पाळीत मशीनच चालू व्हायला घाबरायची, तर दुखावणार काय?" मामा हसत आणि म्हणत, "घाबरावं, जावईबापू. ज्याला भ्या वाटत न्हाई, त्यो उघडी वायर हातात धरतो आन् आपल्याला इचारतो, करंट हाय का बघ." एवढं बोलून ते चहाच्या कपाची दांडी पक्की आहे ना, ते बघत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं, त्या वर्षी मीही बारमाही भीतीत दाखल झालो. पंधरा वर्षांची माझी कंपनी बंद पडली होती. चाळिशी उलटल्यावर, पोट सुटलेलं आणि केस गेलेले अशा अवस्थेत मी वाशीच्या एका लहानशा कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो. मुलाखतीत विचारलं, "कम्प्युटर येतो?" मी म्हणालो, "येतो." खाडीच्या पुलावरून रोज जाणाऱ्याला जितकं पोहता येतं, तितका तो मला येत होता. ऑफिसात एकच लॅपटॉप होता, साहेबांचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात दिला. सोबत एक सीडी आणि एक फ्लॉपी. म्हणाले, "जुनं सगळं काढून यात नवीन सिस्टिम टाकायची आहे. माझं काम मी वेगळं उतरवून ठेवलंय. परवा सकाळी मी बडोद्याला निघतोय, पार्टीला याच्यावरच दाखवायचंय. उद्या सुट्टी आहे, घरी निवांत करा." आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, सहज आठवल्यासारखं, "तुमचे सहा महिने याच महिन्यात संपतात ना?"

मी ते यंत्र तान्हं मूल आणावं तसं छातीशी धरून घरी आणलं. त्याच्या कुशीला एक खाच होती. त्या खाचेत एक तर सीडीचा खण बसायचा, नाही तर फ्लॉपीचा. दोन्ही एकदम नाही. संध्याकाळी सीडीचा खण लावला, सीडी घातली, बटण दाबलं आणि तो निमूट चालू झाला. विचारेल त्याला 'हो' म्हणत मी जुनं सगळं पुसून टाकलं. आता आत काही नाही. नवीन भरायचं ते उद्या सकाळी, दसऱ्याच्या मुहूर्तावर. मी इतका खूश झालो की बंद करून जेवायला बसलो आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी पाटावर पूजा मांडली. मुलांची पुस्तकं, हिची शिवणाची कात्री, स्कूटरची किल्ली, आणि मधोमध लॅपटॉप. शस्त्रं आहेत तर सगळी मांडावीत म्हणून मी सीडीचा खणही बाहेर काढून फ्लॉपीच्या खणाशेजारी ठेवला. हिने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पोटापाण्याचं हत्यार म्हणून मी मूठभर अक्षता जरा जास्तच भक्तीने उधळल्या. नमस्कार करून फूल बाजूला केलं, फडक्याने कुंकू पुसलं, सीडीचा खण जागेवर सरकवला आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली. मला सिस्टिम सापडत नाही, अशा अर्थाची. मी सीडी पुसून घातली. तीच ओळ. सीडीचा खण काढून फ्लॉपीचा लावला. तीच ओळ. पुन्हा सीडी, पुन्हा फ्लॉपी, देवाचं नाव घेऊन सीडी, मग नाव न घेता फ्लॉपी. दुपारचे बारा वाजेपर्यंत मी हे इतक्यांदा केलं की ती ओळ मला श्लोकासारखी पाठ झाली. वाशीच्या एका कम्प्युटरवाल्याला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. त्याचीही यंत्रं आज हार घालून बसलेली. घरभर पुऱ्यांचा वास सुटला होता आणि मी खण काढत-घालत होतो. तेवढ्यात साहेबांचा फोन. "काय, झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "झालंच सर." फोन ठेवला. बंद पडलेल्या कंपनीच्या गेटवरचं कुलूप डोळ्यांपुढे आलं. पुन्हा चप्पल झिजवत दारोदार, पुन्हा 'वय किती?'

अशा वेळी मामा आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "कोन गेलं?"

"अजून कुणी नाही," ही म्हणाली. "पण संध्याकाळपर्यंत यांची नोकरी जाईल. ते डबडं चालू होत नाही."

मामा दारातच थबकले. लॅपटॉपकडे त्यांनी साप निघालेल्या कोपऱ्याकडे बघावं तसं बघितलं. "मला त्यातलं काय कळत न्हाई," म्हणाले, आणि पहिलं काम काय केलं असेल, तर आमचा मेन स्विच दाराबाहेर जिन्याच्या भिंतीवर होता, तो पाडला. पंखे थांबले. आश्विनातलं ऊन, त्यात पुऱ्या तळणं चाललेलं.

"मामा, अहो पंखा!" ही आतून ओरडली.

"पंखा गेला तर घाम येतो, सुमे. दुसरं काय होत न्हाई."

मग त्यांनी हातातली अंगठी काढली, स्लीपर पायात ठेवून पूजेच्या रिकाम्या पाटावर उभे राहिले आणि माझ्याकडून लॅपटॉपची वायर उपटवली, बॅटरीही काढवली. एवढं झाल्यावर, त्याला हात न लावता, माझी उलटतपासणी सुरू केली.

"शेवटी चालला कदी?"

"काल संध्याकाळी."

"त्यानंतर हात कोनी लावला?"

"कुणीच नाही."

"आठवून सांगा."

"अहो मामा, खरंच कुणी नाही. सकाळी फक्त पूजा केली."

मामांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "पूजेला हात लागत न्हाई काय?"

आमच्याकडे पूजा केली म्हणजे वस्तूला काही केलं, असं कुणी धरतच नाही. मामा खाली वाकले. "तुमी म्हनता सीडी बी बिघडली, फ्लॉपी बी बिघडली. दोघी एकाच रात्रीत? मी म्हनतो, दोघींचं बिऱ्हाड एकच हाय. बिऱ्हाडात बगा." त्यांनी खणाच्या कडेवरून नख फिरवलं. "ह्यो पुरता बसलेला न्हाई. एवढा बाहेर हाय." एवढा म्हणजे नखाच्या जाडीइतका. सकाळपासून मी तो तीस वेळा तरी आत ढकलला असेन; मला दिसलं नव्हतं.

खण काढला. मामांनी टॉर्च धरला. (खिशात नेहमी दोन असत, एक बंद पडला तर, म्हणून.) खाचेच्या पार तळाशी, पितळी टोकांच्या ओळीला टेकून, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा होता. माझ्या भक्तीतला. मी हिची हेअरपिन घ्यायला धावलो, तर मामा केवढ्याने ओरडले! "लोखंड न्हाई!" शेवटी खराट्याच्या काडीने, श्वास रोखून, दुखऱ्या दाढेतला किडा काढावा तसा त्यांनी तो दाणा रुमालावर घेतला. मी खण सरकवला. या वेळी 'टक्' असा आवाज झाला, जो सकाळपासून झालाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"आता वायर लावा. बॅटरी नको," मामा म्हणाले. "मी जिन्यात थांबतो. मेन चालू करतो, मग तुमी बटन दाबा. चालू झालं की मोठ्यानं आवाज द्यायचा, 'आलं'. मी म्हननार, 'ऐकलं'. त्याबिगर पुढं काय करायचं न्हाई." आणि ते हिला घेऊन बाहेर गेलेसुद्धा. मुलं खाली खेळायला गेलेली. घरात मी आणि ते यंत्र. एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही मला हसू आलं. बघा, मी मनात म्हणालो, जावयाला स्फोटाच्या तोंडी देऊन मामा जिन्यात पळाले. हा किस्सा दिवाळीला सांगायचा.

पंखे फिरू लागले. बटण दाबलं. सीडी गरगरली. ती पांढरी ओळ आली नाही. निळा पडदा आला, आणि नवीन सिस्टिम टाकायची का, असं त्याने मला आदराने विचारलं. मी 'आलं' म्हणायला तोंड उघडलं, पण सकाळपासून दाबून धरलेलं रडू आधी आलं आणि शब्द राहून गेला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नुसता बसून राहिलो.

बाहेर 'खट्' झालं. पंखे थांबले, निळा पडदा गेला, आणि जो माणूस पंख्याखाली बसत नसे, तो धाडकन दार ढकलून आत आला. वाटेतला पूजेचा लाकडी पाट उचलून ढालीसारखा पुढे धरलेला. पाटाने त्यांनी मला खुर्चीवरून बाजूला ढकललं. मी जमिनीवर पडलो, आणि मामा माझ्या अंगावर वाकून विचारत होते, "बोला! जावईबापू, बोला!"

"आलं होतं, मामा," मी कसंबसं म्हणालो. "चालू झालं होतं."

मामा खाली बसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. बराच वेळ ते पाटावरचं कुंकू अंगठ्याने पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज दिला न्हाई तुमी. कारखान्यात पयल्या वर्साला माझ्या जोडीदारानं बी दिला नव्हता. नवीन होतो दोघं. मला वाटलं, चेष्टा करतोय. थांबलो जरा." एवढंच. हिने आत जाऊन पाणी आणलं. इतकी वर्षं आम्ही ज्याला पळणं समजत होतो, ते त्यांचं जागेवर उभं राहणं होतं, हात स्विचवर आणि कान आत.

दुसऱ्यांदा मात्र मी सोसायटी दणाणून जाईल असा ओरडलो, "आलं!" जिन्यातून आवाज आला, "ऐकलं!" चार वाजेपर्यंत सगळं भरून झालं. मामांनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि अर्धी पुरी खाल्ली. पूर्ण पुरी ठसका लावते. साहेब बडोद्याला गेले, आले, आणि महिनाअखेरीस माझी नोकरी पक्की झाली. तो किस्सा मी त्या दिवाळीला सांगितला नाही.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अंथरुणातच, शांतपणे गेले. त्याआधी मामींना गॅस बघून यायला सांगितलं होतं. आता घरातली यंत्रं मुलं सांभाळतात, मला कुणी हात लावू देत नाही. तरी मिक्सर दुरुस्त होऊन आला, नवीन गीझर बसवला, की बटण मीच दाबतो, आणि त्याआधी जिन्याचं दार उघडं करून ठेवतो. चालू झालं की मोठ्याने म्हणतो, "आलं!" मुलं हसतात. ही हसत नाही. हातातलं काम टाकून ती क्षणभर जिन्याकडे बघते, आणि मग तीच हळू आवाजात म्हणते, "ऐकलं."