एक पान जास्तीचं

आमच्या पोखर्णीच्या काकूएवढं माणसाला पोटावरून ओळखणारं दुसरं माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झालं नाही, हे मी आजही कुणाशी पैज लावून सांगायला तयार आहे. काकू आमची नात्यातली कुणी नव्हे. पिंगळीला आमच्या घरामागं तिचं घर, मधे एक बोरीचं झाड, आणि माहेर पोखर्णीचं म्हणून ती पोखर्णीची काकू. तिचं खरं नाव काय, हे मला कधी ठाऊक नव्हतं आणि विचारावं असं डोक्यातही आलं नाही. तिच्या लेखी गावात लहान-थोर, भाऊबंद, सोयरे असं काही नव्हतंच. होती ती फक्त दोन भाकरींची माणसं, चार भाकरींची माणसं, आणि 'तुमी नुसतं वाढत राव्हा' अशी माणसं. शाळेचे मास्तर दीड भाकरीचे. गावचे पाटील म्हणजे 'मिशा पाच भाकरीच्या, पोट सव्वा भाकरीचं'. हे ती पाटलांच्या ओट्यावर बसून, पाटलीणबाईंच्या देखत सांगायची, आणि पाटलीणबाई पदर तोंडाला लावून हसायच्या, कारण त्यांनाही ते पटलेलं असायचं.

मला स्थळ आलं तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुलाची जमीन विचारली. आईनं सासूचा स्वभाव विचारला. पाव्हणे पोहे खाऊन गेल्यावर काकू मागच्या दारानं आत आली आणि म्हणाली, "पोरगं पाच पोळ्याचं हाय. पन पाव्हन्यात तीनच खाईल. लाजरं हाय. भावजी, देऊन टाका पोरगी, सुखात ऱ्हाईल." तिनं हे सारं कशावरून ठरवलं, तर तो पोह्यातले शेंगदाणे शेवटी खायला बाजूला ठेवत होता यावरून. दादा वैतागले, "वहिनी, इथं जन्माचा सवाल हाय आन तुमी शेंगदाणे काय मोजायल्या!" पण लग्न तिथंच ठरलं. आता पन्नास माणसं सांगतील की ते जमिनीकडं बघून ठरलं. मला विचाराल तर शेंगदाण्यांवरून.

लग्नाच्या जेवणाचा सगळा जिम्मा दादांनी काकूवर टाकला. टाकला म्हणजे काय, तिनं तो आधीच उचललेला होता. ती लिहिणारी नव्हती. तिचा सारा कारभार एका सुपात चालायचा. मोठ्या माणसाला एक चिंचोका आणि लेकराला एक ज्वारीचा दाणा. ते सूप मांडीवर घेऊन ती आमच्या ओसरीत बसायची, आई नावं सांगायची, काकू चिंचोके टाकायची, आणि मी नवरीमुलगी समोर बसून आपल्याच लग्नाचं गाव भरताना बघायची. एकदा आमची कोंबडी सुपात शिरली आणि आईच्या माहेरची अकरा लेकरं गट्ट करून गेली. काकूनं असा आरडाओरडा केला की शेजारपाजारची माणसं काठ्या घेऊन धावली. "अगं माय, मामाची लेकरं गेली की गं सगळी!" हे ऐकल्यावर माणसं धावणारच. आईला मग ती सगळी नावं पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागली, आणि त्या कोंबडीकडं काकू लग्न होईपर्यंत रागानंच बघत राहिली.

आचारी झरीचा होता, मोठा नावाजलेला आणि त्याहून मोठा तोऱ्याचा. मागं एका साखरपुड्यात काकू त्याला म्हणाली होती की मी वरण चाखत नसते, ऐकत असते. तो हसला. मग त्याच्या हंड्यापासून चार हात लांब उभी राहून काकूनं कान दिला आणि सांगितलं, "मीठ टाकलं न्हाईस. मीठ पडलं की आवाज बसतो." आचाऱ्यानं चाखून पाहिलं आणि गुपचूप मीठ टाकलं. तेव्हापासून तो तिच्यासमोर तंबाखूसुद्धा मळत नसे. आवाजानं मीठ कळतं का, हे मी पुढं सासरी वीस वेळा करून पाहिलं. मला काही कळलं नाही. कान मात्र एकदा भाजला.

पण हाच कान एका आवाजाला फसायचा. ठेसनात गाडीची शिटी झाली की काकू हातातलं काम, तोंडातला शब्द, चुलीवरचं वरण, सगळं तसंच टाकून रस्त्याकडं बघायची. गाडीतून उतरलेली माणसं गावात पोचेपर्यंत बघायची. कोण आलं, कोण नाही, हे पाहून झालं की मग पुढचा शब्द. तिचा नवरा रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून गेला होता. रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात जातो, असं सांगून गेला. पुढं पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कॅम्पातली माणसं घरोघर परतली, आणि हा तेवढा परतला नाही. कुणी म्हणायचं गोळी लागली, कुणी म्हणायचं सोलापूरकडं पाहिला. ना चिठ्ठी, ना निरोप. काकूचं कपाळ मात्र रुपयाएवढ्या कुंकवानं भरलेलं. आमचा मुलूख आता मुंबई राज्यात जाणार अशा गप्पा त्या वर्षी चावडीवर चालायच्या. काकूनं दादांना एकच विचारलं, "भावजी, राज्य बदललं म्हंजे ठेसनाचं नाव बदलतेत का? न्हाई, मानूस उतरायचं कुठं मग?" दादा म्हणाले, "न्हाई वहिनी, पिंगळीच ऱ्हाईल." तेवढ्यानं तिला तसल्ली झाली.

म्हणूनच तिच्या प्रत्येक कार्यात एक पान जास्तीचं असायचं. सूप भरून झालं की काकू पदराची गाठ सोडायची, तिच्यातला एक चिंचोका काढायची आणि शेवटी सुपात टाकायची. मोजून झालं की तेवढा एक उचलून पुन्हा गाठीत. तो नवऱ्याचा चिंचोका. पंगती उठल्या, भांडी घासायला गेली, तरी ते एक वाढलेलं पान आचाऱ्याच्या मांडवात झाकून ठेवलेलं असायचं. शेवटची गाडी निघून गेली की काकू म्हणायची, "न्हाई आले. अन्न कशाला टाकायचं?" आणि कुणी नसताना ते पान घेऊन पाठमोरी बसायची. आम्ही पोरी याची नक्कल करून हसायचो. आज स्वतःची चीड येते, पण हसायचो खरं.

मला लग्नात जिलबी हवी होती. परभणीच्या उरुसात एकदा खाल्ली होती, तेवढीच. काकू म्हणाली, "पाचशे मानसाला जिलबी? आचारी पळून जाईल आन तुझा बाप बी." बुंदी ठरली. मी रुसले. दोन दिवस रुसले, आणि त्या दोन दिवसांत तीन घरची गडंगनेरं होती. लग्नाआधी नवरीला घरोघर जेवायला बोलावतात ना, ती. रुसलेली नवरी तीन घरी जेवून आली, आणि काकू प्रत्येक घरी माझ्याबरोबर येऊन, बाहेर पडल्यावर आंबट चेहऱ्यानं सांगायची, "पुरन चांगलं हुतं, पन जायफळ टाकायला हात आखडला."

तिच्या घरचं गडंगनेर सगळ्यात शेवटी झालं. पुरणपोळी, आमटी, वाटीभर तूप. पानं दोन मांडली होती, एक माझं आणि एक जास्तीचं. तिनं पहिलं तूप त्या जास्तीच्या पानावर वाढलं. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "काकू, हळदीला पाच सवाष्णी लागतात. पाचवी तू."

तिचा हात तुपाच्या वाटीवर थांबला. "माय, बघ बरं. लोक बोलतील."

"बोलले तर मी बघते."

"तू बघतीस?"

"मी बघते म्हटलं ना!"

काकू इतकी हसली, की तिनं माझ्या पानात दोनदा तूप वाढलं. दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं उन्हात टाकलेलं आईला दिसलं.

वऱ्हाड लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आलं. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद वाटीतून आमच्याकडं आली, मला पाटावर बसवलं, आणि चार सवाष्णींनी आंब्याच्या पानानं मला हळद लावली. पाचवी म्हणून काकू आचाऱ्याच्या मांडवातून हात धुऊन, हिरवं लुगडं नेसून आली. तिनं पान हळदीत बुडवलं आणि नवऱ्या मुलाच्या आत्यानं तिचं मनगट धरलं.

"ह्या बाईंचे मालक कुठं हायेत?" आत्याबाईंनी आईला विचारलं.

आईनं हळदीची वाटी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

"मी उगं इचारत न्हाई. सकाळधरनं ऐकायले मी. सात-आठ वर्षं झाली म्हनं. हायेत का न्हाईत, एक काय ते सांगा. आमचं एकुलतं एक पोरगं हाय. त्याच्या हळदीला असा संशय चालनार न्हाई. न्हाई तर बैलं सोडलेली न्हाईत आमी अजून, गाड्या तशाच माघारी जातेल."

दादा दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. काकूनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, विनवणीनंही नव्हे. मी काय म्हणते ते ऐकायला पाहिलं, वरण ऐकायची तशी. मी बघते, असं म्हणाले होते ना मी? मी खाली पाटाकडं बघत बसले. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सतरा वर्षांची होते, घाबरले, वडिलांची इज्जत, गाड्या माघारी... ही सगळी कारणं मी तेव्हापासून स्वतःला देत आले आहे आणि त्यातलं एकही मला पटलेलं नाही.

"हात सोडा आत्याबाई," काकू म्हणाली. "पोरीला लय येळ पाटावर बसवू नगा. तुमी म्हनता ते खरं हाय. ते काय आता येत न्हाईत. मला लय दिवसापसून ठावं हाय." आणि पदरानं कपाळ पुसलं. चुलीपाशी घाम पुसावा तितकं साधं. लांबच्या बायकांना तो घामच वाटला. मी जवळ होते. मला पदरावरचा लाल डाग दिसला.

पाचवी म्हणून मग पाटलीणबाईंना बोलावलं. काकू ओसरीत जाऊन सुपापाशी बसली. पदराची गाठ सोडली, चिंचोका काढला आणि सुपातल्या चिंचोक्यांत टाकून बोटांनी ढवळला. वर्षानुवर्षं गाठीत राहून तो गुळगुळीत झालेला असणार, शोधला असता तर सापडलाही असता. तिनं शोधला नाही. हाताला लागले ते चार चिंचोके उचलून आईला म्हणाली, "तुझ्या नंदेकडची तिघं येनार न्हाईत ना? आन एक हा. चार कमी कर."

दुसऱ्या दिवशी चार पंगती झाल्या. बुंदी पुरली, वांगी पुरली, भात पुरला. वऱ्हाडी तृप्त होऊन ढेकर देत होते, आत्याबाईंनी तर वरण दोनदा मागून घेतलं. दादा हात जोडून मांडवात गेले, "वहिनी, कमाल केली तुमी! एक पान कमी पडलं न्हाई, एक उरलं न्हाई." काकू म्हणाली, "मोजनी बरुबर असल्यावर उरंल कसं, भावजी?" मधेच ठेसनात शिटी झाली. ती चुलीतली लाकडं बाहेर ओढत होती, ओढतच राहिली.

वऱ्हाड बैलगाड्यांनी पुढं गेलं, आम्हा दोघांना आगगाडीनं जायचं होतं; निघताना काकू ठेसनावर आली. सगळ्या बायकांच्या मागं उभी होती. गाडी हलायच्या आधी पुढं येऊन तिनं खिडकीतून माझ्या हातात दस्तीची, म्हणजे हातरुमालाची, पुरचुंडी दिली. आत जिलब्या होत्या. आचाऱ्याच्या मागं लागून एक घाणा तेवढा माझ्यासाठी काढून घेतला होता. "गरम हाय तवर खा," म्हणाली. मी रडत होते. पण खोटं कशाला सांगू, मानवत रोड यायच्या आत सगळ्या खाल्ल्या. नवऱ्यालाही एकच दिली.

दिवाळीला माहेरी आले तेव्हा आईनं सांगितलं. "तुझ्या लग्नात पोखर्णीची जेवलीच न्हाई गं. मला धांदलीत समजलंच न्हाई. झरीचा आचारी नंतर सांगून गेला, बाई नुसतं पानी पिऊन घरी गेली म्हून. मी मग इचार केला. ती सुपात सगळं गाव धरायची, पन स्वतःचा चिंचोका कवाच टाकत नव्हती. ते जास्तीचं पान हुतं ना, त्याच्यावरच ती जेवायची."

मी त्याच दुपारी बोरीखालून तिच्या घरी गेले आणि तिला हाताला धरून आमच्याकडं जेवायला आणलं. ओसरीत पाट मांडला, पान मांडलं, भाकरी, वांगं, दूध, सगळं वाढलं. काकू उभीच. कपाळ मोकळं. "हे कुनाचं पान?"

"तुझं."

"माझं?" ती पानाकडं बराच वेळ बघत राहिली. मग बसली. मला विचारलं, "काय गं, पाच पोळ्या खातो का न्हाई तो?" मी म्हटलं, "खातो. शेंगदाणे अजून शेवटीच खातो." "मी म्हनलं नव्हतं?" म्हणाली आणि खुशीत पहिला घास घेतला. मला माफी मागायची होती. सगळी वाक्यं जुळवून आणली होती. पण तोंडून शब्द फुटला नाही, याही वेळी. मी नुसती समोर बसून तिला वाढत राहिले, निदान वाढायचा प्रयत्न करत राहिले, कारण ती पानावर आडवा हात धरायची. गावातल्या एकेका माणसाचं पोट तिला पाठ होतं, आणि तिच्या पोटाची चौकशी आमच्यापैकी कुणी कधी केली नव्हती. त्या दुपारी मी पहिल्यांदा मोजलं. आमची काकू अर्ध्या भाकरीची होती.