घनफळाचे सर

"आत कुठेही एक टिंब धरा," असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट हवेत टेकवत. "मग कतारगामच्या कारखान्यातला हिरा का असेना, असू देत हवे तितके पैलू. टिंबापासून प्रत्येक कोपऱ्याला रेघ न्यायची. सगळी वस्तू टोकदार सूच्यांमध्ये, म्हणजे पिरॅमिडांमध्ये सुटते. एकेक सूची मोजायची, बेरीज करायची. घाबरायचं कशाला?"

सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत आम्ही गणिताचे दोन मास्तर. अकरावीची अ तुकडी माझी, ब त्यांची. मुलं मला आडनावासकट सर म्हणत, त्यांना नुसतं सर. तुम्ही कधी शाळेत शिकवलं असेल, तर एवढ्याशा फरकानं दुपारचा डबा कसा बेचव लागतो ते तुम्हाला सांगायला नको.

मी सूचीचं सूत्र फळ्यावर लिहीत असे. तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. पाठ करा, विषय संपला. हे गृहस्थ वर्गात धुण्याच्या साबणाची लांब वडी घेऊन जात. तिचा चौकोनी ठोकळा पाडायचा, ओल्या दोऱ्यानं तिरपे तीन काप द्यायचे. सहा तुकडे पडत. ते दोन-दोन जोडले की तीन सारख्या सूच्या. "आता सांगा, भागिले तीन कुठून आले?" भिंतीपलीकडून पोरांचा गलका ऐकू येई आणि माझ्या वर्गाची मान आपोआप तिकडे वळे.

तुकडे मुलांनी घरी न्यायचे असा त्यांचा रिवाज. आमच्याकडे खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्यांची मुलं पुष्कळ. एकदा एक आई फाटकाशी थांबून त्यांना विचारत होती, "मास्तर, या आठवडामा भूमिती नही का? घरमा साबन सरी गया." ते पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. माझ्या भूमितीची चौकशी करायला कधी कुणाची आई आली नव्हती.

एकदा तपासणीला साहेब आले. ह्यांनी काठोकाठ भरलेल्या पातेल्यात साबणाचा ठोकळा सोडला. सांडलेलं पाणी मोजून घनफळ दाखवायचं होतं. तेवढ्यात साहेबांना शिक्षणावर बोलावंसं वाटलं आणि ते बोलतच राहिले. पाण्याला फेस आला, ठोकळ्याचे कोपरे गेले. मी दारातून पाहत होतो आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. "साहेब, आता याचं घनफळ देवालाच ठाऊक," ते म्हणाले. साहेब खदखदून हसले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या वर्गात न येताच चहाला गेले.

मीही एकदा साबण नेला. कोरड्या दोऱ्यानं कापायला गेलो, वडीचा भुगा झाला. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "दोरा ओला करतात, बाबा." ती माझी सुमी. बाबा म्हटलं म्हणून मी तिला वर्गात रागावलो.

त्याच आठवड्यात तिनं जेवताना विचारलं, "मी ब तुकडीत जाऊ?"

"का?"

"मला तिथं समजतं."

बायको माझ्याकडे पाहत राहिली. मी 'जा' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पुढे येता-जाता मी ब तुकडीच्या खिडकीशी रेंगाळू लागलो. एकदा पाहिलं, तर माझ्यासमोर मान खाली घालून बसणारी पोर तिथं हात वर करून विचारत होती, "पण सर, असं का?" तिनं मला कधी 'का' विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा इतका हेवा वाटला, की हा माणूस सुरत सोडून जाईल तर बरं, असं मी मनात म्हटलं.

आणि ते गेले. नंदुरबारला थोरल्या भावानं अंथरूण धरलं होतं, करणारं दुसरं कुणी नव्हतं. स्टेशनवर निम्मी शाळा लोटली. सुमी तोवर कॉलेजात जाऊ लागली होती. ती पाया पडली आणि रडली. गाडी हलताना ते खिडकीतून मला म्हणाले, "सुमीकडे लक्ष असू द्या हं." माझीच मुलगी, आणि माझ्यावर सोपवत होते हे. मी 'हो' म्हणालो.

सोमवारी मुख्याध्यापकांनी दोन्ही तुकड्या मला दिल्या. इतकी वर्षं हवं होतं तेच हातात आलं. मी ब तुकडीत शिरलो. मुलं उभी राहिली, नमस्ते म्हणाली, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे गेली.

मीही वळून पाहिलं.