मार्था आत्याच्या पदराची गाठ

या ग्रुपवर माझं नाव दिसलं की काही जण आधीच हसतील, कारण इथल्या निम्म्या अनुभवांखाली "पुरावा काय?" ही कमेंट माझीच असते. ती मी मागे घेत नाहीये. भूत, भानामती, अंगात येणं यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय. दुसऱ्याकडे पुरावा मागायचा आणि स्वतःला अडचणीचं ठरेल ते लपवायचं, हा लबाडपणा मला जमणार नाही.

आधी आजोबांबद्दल. ते कर्जतजवळ दहिवलीला राहायचे. तरुणपणी फौजेत होते, नद्यांवर पूल बांधणाऱ्या तुकडीत. पेन्शनीत निघाल्यावर प्लंबर झाले. आणि रविवारी आमच्या छोट्याशा बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक. पगार शून्य. उपदेश चालू असताना कुणाकडे पाइप फुटल्याचा निरोप आला, तर घाईने आमेन म्हणून पान्हा घेऊन निघायचे. सगळे त्यांना 'हवालदार पास्टर' म्हणायचे.

माझे पप्पा नेमके उलटे. आम्ही राहतो खालापूरला, पप्पांची नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात, युनियनचं काम, पक्के नास्तिक. आजोबा स्टेशनच्या जिन्यापाशी शुभवर्तमानाची पत्रकं वाटायचे, पप्पा कारखान्याच्या गेटवर अंधश्रद्धेविरुद्धची. दोघांच्या पत्रकांच्या घड्या मी घालायचे. वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. आजोबा पप्पांना चिडवायचे, "तुझ्या पत्रकात नरकच नाय रं, वाचणार कोण?"

आमच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होत नाही. मोठं झाल्यावर, स्वतःच्या मर्जीने, माणसाला नदीत पूर्ण बुडवून वर काढतात. आजोबांची त्यात एक पद्धत होती. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या डाव्या कमरेला ते एक गाठ मारायचे — पुरुषांना पंच्याची, बायकांना त्यांच्याच पदराची. फौजेतली गाठ. भिजली की आवळते, कितीही ओढा, सुटत नाही. फक्त एक आखूड टोक खेचलं की क्षणात मोकळी. ती गाठ मुठीत धरून ते माणसाला बुडवायचे. वर आल्यावर ते टोक ज्याचं त्यानेच खेचायचं... "बांधायचं काम माझं, सोडायचं तुझं." बांधायला मात्र त्यांनी कुणालाच शिकवलं नाही. पप्पांनी एकदा फार मागे लागून विचारलं, तर म्हणाले, आधी उपासनेला ये, मग बघू. पप्पा गेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी आजोबा वारले आणि ती गाठही संपली.

मार्था आत्या पप्पांची मोठी बहीण. अख्ख्या मंडळीला बाप्तिस्मा देणाऱ्या माणसाची मुलगी, आणि तिचाच राहिलेला. तिला पाण्याची भयंकर भीती — घोटाभर पाण्यातही थरथरायची. आजोबांनी कधी जबरदस्ती केली नाही. पण या हिवाळ्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि तिने हट्टच धरला. मला म्हणाली, "टेबलावरून उठले नाय तर बाबांना काय तोंड दाखवू गं?" मला चांगलं पोहता येतं, म्हणून पाण्यात तिच्याजवळ उभं राहायचं काम माझ्याकडे. पप्पा मात्र आले नाहीत. ऑपरेशनला येईन म्हणाले, नदीवर नाही.

रविवारी उपासनेनंतर आम्ही पंधरावीस जण दहिवलीच्या वरच्या अंगाला, उल्हास नदीच्या एका डोहावर गेलो. लख्ख ऊन होतं. नवे पास्टर तरुण, आठवडाभर कारखान्यात काम करणारे, स्वभावाने फार साधे. मंडळीतल्या शांतामावशींनी आत्याचा पदर कमरेत खोचला. नुसता खोचला — मी हातभर अंतरावर होते, माझ्या डोळ्यांसमोर.

छातीभर पाण्यात पास्टरांनी पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि आत्याला मागे झुकवलं. ती पाण्याखाली गेली, घाबरून तिने पाय झाडले, पास्टरांचा पाय शेवाळावरून सरकला आणि त्यांच्या हातातून ती सुटली.

पुढे डोह खोल होत जातो. मी बुडी मारली. गढूळ पाण्यात काही दिसेना. हाताला कापड लागलं, पदराचं टोक. मी जीव खाऊन ओढलं. ओढताना मनात एकच, हा खोचलेला पदर आता सुटून माझ्या हातात येणार आणि आत्या जाणार...

सुटला नाही. दोरखंडासारखा ताणला गेला आणि आत्या वर आली.

काठावर आणल्यावर खोकून खोकून तिने पाणी काढलं, श्वास नीट झाला. बायका तिला चादरीच्या आडोशाला घेऊन गेल्या. जरा वेळाने शांतामावशींनी मला हाक मारली, अगदी हळू. मी गेले. मावशी आत्याच्या डाव्या कमरेकडे बघत होत्या.

"मी खोचला व्हता गं नुसता," त्या म्हणाल्या. "ही तर हवालदार पास्टरांची गाठ हाय."

तीच गाठ होती. दोन पीळ, मधून वळवलेला फेरा आणि बाहेर आलेलं आखूड टोक. माझ्या अंगावर जो काटा आला तो थंडीचा नव्हता. तिथल्या बहुतेक बायकांनी ती गाठ स्वतःच्या कमरेवर सोडलेली, पण एकीनेही हात लावला नाही. आत्याने ती मुठीत घट्ट धरली आणि ओल्या साडीवर चादर गुंडाळून बसून राहिली.

तिकडे पास्टरांची वेगळीच पंचाईत. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "माझा हात सुटला. हा बाप्तिस्मा नाही, अपघात झाला. पुन्हा करावा लागेल." आत्या पांढरी पडली. ती पुन्हा पाण्यात उतरणं शक्य नव्हतं, हे तिलाही ठाऊक, आम्हालाही. म्हणजे ऑपरेशनला ती तशीच जाणार होती.

मी पप्पांना फोन केला. ते खालापूरहून बाइकवर आले. आधी आत्याजवळ बसून गाठ पाहिली, मग युनियनच्या चौकशीत करतात तशी एकेकाची उलटतपासणी. मावशी, पास्टर, मी. पदर कुणी बांधला? पाण्यात जवळ कोण होतं? माझ्यावर तर दोनदा आवाज चढवला. मग परत आत्यासमोर उकिडवे बसले.

"ताई, सोड आता. गारठशील."

"मला येत नाय."

"हे टोक. तूच खेचायचं, मी नाय."

आत्याने खेचलं. गाठ सुटली. पदर तिच्या मांडीवर मोकळा पडला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

पप्पा उठून पास्टरांकडे गेले. "माझ्या शब्दाला तुमच्यात किंमत नाय, तरी सांगतो. हिचा झालाय. परत पाण्यात नेऊ नका." पास्टरांनी आत्याच्या मांडीवरच्या मोकळ्या पदराकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाला."

ऑपरेशन नीट पार पडलं. आत जाताना आत्या नर्सची थट्टा करत होती.

आता तुमचा प्रश्न — पुरावा काय? नाही. फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. पाण्याच्या ओढीने पीळ बसला म्हणाल, तर तशीच साडी घेऊन मी आणि पप्पा त्या डोहात कितीतरी वेळा उतरलो. गुंता होतो. गाठ होत नाही. मावशींनी आधीच मारली म्हणाल, तर मला दिसलं असतं, आणि त्यांना ती येतच नाही. घाबरलेल्या मनाला भास झाला म्हणाल, तर पप्पा घाबरलेले नव्हते, चिडलेले होते.

हे लिहू का, असं पप्पांना विचारलं. म्हणाले, "लिही. पण उत्तर लिहू नको, आपल्याकडे नाय ते."

नाहीच. कुणाकडे असेल तर जरूर सांगा. फक्त कमेंटमध्ये नको — दहिवलीला या, साडी मी आणते, गाठ मारून दाखवा.