ताणलेले बोल्ट

लढाईच्या दिवसांत नवं पोलाद मिळणं मुश्कील झालं होतं. निपाणीला तंबाखूच्या एका वखारीवर पत्र्याचं छप्पर उभारायचं काम मला मिळालं, तेव्हा मालकानं कुठल्याशा मोडलेल्या पुलाचे सोडवलेले बोल्ट आणून दिले. कठीण पोलादाचे होते, दिसायला सारखेच.

बोल्ट आवळला की किंचित ताणतो, आणि तो ताणच दोन पट्ट्या घट्ट धरून ठेवतो. ताकदीबाहेर आवळला तर मात्र तो लांबतो तो लांबतोच, मागं येत नाही. मग वरून धडधाकट दिसला तरी आतून गेलेला असतो. ओळखायची रीत साधी. नट नुसत्या बोटांनी फिरवायचा. ताणलेल्या बोल्टाचे आटे लांबलेले असतात, नट अर्ध्यावर अडतो.

ही रीत मी माझ्या मेव्हण्याला शिकवली होती. उचगावहून आम्ही दोघं कामाला एकत्र निघायचो, एकाच डब्यात जेवायचो. मी एकेक बोल्ट तपासला. अडलेल्यांच्या डोक्यावर छिन्नीनं आडवी खाच मारली आणि त्याला म्हणालो, "हे लोहाराला देऊन टाक."

चांगले बोल्ट डझनभर कमी पडले. ते शोधायला मी बेळगावला गेलो. तिसऱ्या दिवशी परतलो, तर कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, वर चढलेल्या, सांध्यांवर रंगसुद्धा मारलेला.

"बोल्ट कुठनं आणलास?"

"हितंच मिळालं, दाजी. मालक लई घाई करत हुतं."

मला बरंच वाटलं. पोरगं शहाणं झालं, असंही मनात आलं.

वैशाखात वळवाचं वारं सुटलं आणि भरदुपारी एक कैची सांध्यात सुटून खाली आली. खाली बायका तंबाखू निवडत होत्या. एकीच्या खांद्याचं हाड मोडलं. मी धावत गेलो. तुटलेला बोल्ट उचलला. मोडला तिथं तो मानेसारखा बारीक झाला होता. रंग खरवडला, तर डोक्यावर माझीच खाच.

मी मेव्हण्याकडं बघितलं. त्यानं मालकाकडं तोंड वळवलं.

"दाजींनीच आवळल्यात हे. कायम जास्तच आवळत्यात. मी सांगून दमलो."

चढवताना मी बेळगावला होतो हे सांगून मी खाच दाखवली. मालक म्हणाला, "खाच काय, कोणबी मारील." घाई कुणी केली ते त्याला ठाऊक होतं. काम माझ्याकडून काढून त्यानं मेव्हण्याला दिलं.

फाटकाशी मेव्हणा एवढंच बोलला, "तुमाला कुठंबी काम मिळंल, दाजी. मला कोण देणार?"

त्या वर्षी बायको भाऊबीजेला माहेरी गेली. मी अडवलं नाही, भावानं ओवाळणीच्या ताटात काय घातलं तेही विचारलं नाही.

त्याआधी एकदा त्या जखमी बाईच्या घरी मात्र गेलो होतो. तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. सून तिची वेणी घालत होती. मी घडलं ते सगळं सांगितलं, खाचेसकट. तिनं विचारलं,

"व्हय, पण परत आल्यावर तुमी वर चढून का बघितला न्हाईसा?"

"माणूस घरचा हुता, आक्का."

ती सुनेला म्हणाली, "जरा सैल घाल गं, दुखतंय."